सॉफ्टवेअर टीमच्या ट्रेनिंगआधीचे आकडे काढलेत का?

हॉल, प्रोजेक्टर, हजेरी हे ॲडमिन बघेल. तुमचं पहिलं काम आकड्यांचं. ट्रेनिंगआधीच्या किमान ८ आठवड्यांचे आकडे काढून एका शीटमध्ये लॉक करा: पुल रिक्वेस्ट (केलेला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) उघडल्यापासून मर्ज होईपर्यंतचे, म्हणजे तो बदल मिसळेपर्यंतचे तास, आठवड्याला किती डिप्लॉय (नवा कोड चालू करणं), त्यातले किती रोलबॅक (मागे घेतलेले), प्रॉडक्शन (लोक वापरतात ती चालू सिस्टिम) पडल्यावर उभं राहायला लागलेला वेळ. सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. तीन आठवडे लोंबकळलेली एकच पुल रिक्वेस्ट सरासरीची वाट लावते.

‘नंतर काढू, गिटमध्ये आहेच सगळं’ हेच मागच्या खेपेला नडलं. गिट हे कोडचा इतिहास ठेवणारं साधन; त्यात कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, राहतात. गिटहब ॲक्शन्सचे (टेस्ट, डिप्लॉय आपोआप चालवणाऱ्या सेवेचे) लॉग मूळ सेटिंगवर ९० दिवसांनी पुसले जातात. जिरात (कामाची तिकिटं ठेवायचं साधन) कुणी मधेच वर्कफ्लो, म्हणजे तिकिटाचे टप्पे, बदलला, की जुन्या आणि नव्या तिकिटांचं ‘इन प्रोग्रेस’ एकच राहत नाही. मग तुलना कशाशी करणार, कपाळाशी? आधीचे आकडे आधीच काढा.

सगळ्या टीम एकदम बसवू नका. निम्म्या आता, उरलेल्या ६ आठवड्यांनी; तोवर त्या तुलनेला उपयोगी पडतात. त्यांचेही आधीचे आकडे हवेत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतोय. सगळ्यांत मागे पडलेली टीमच तेवढी निवडू नका. वाईट तिमाहीनंतर आकडे बहुतेक वेळा आपसूक थोडे सुधारतात, आणि श्रेय ट्रेनिंग घेऊन जातं.

लॅब दोन दिवस आधी तपासा, तीही ट्रेनरच्या नाही, शिकणाऱ्याच्या लॉगिनने. रेपोचा (कोडच्या साठ्याचा) ॲक्सेस, व्हीपीएन, लायसन्स. डॉकर इमेज (लॅबला लागणारं तयार सॉफ्टवेअर पॅकेज) आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. एकाच आयपीवरून २० जणांनी लॉगिन न करता ओढायला घेतल्या तर डॉकर हबची (इमेज जिथून उतरतात त्या साइटची) मर्यादा आडवी येऊ शकते आणि पहिला तास तिथेच जातो.

सलग दोन दिवस कोंबण्यापेक्षा ४ आठवडे, दर आठवड्याला ३ तास. सराव स्वतःच्या कोडवर. स्प्रिंटमधून (ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेरीतून) तेवढे तास खरोखर कमी करा, नाहीतर लोक कॅमेरा बंद करून तिकिटं उरकतात.

फीडबॅक फॉर्म भरून घ्या, पण त्यातून ट्रेनिंग आवडलं एवढंच कळतं.

नंतर पहिले दोन-तीन आठवडे वेग घसरू शकतो, घाबरू नका. ३० आणि ९० दिवसांनी आधीचे आकडे ज्या क्वेरीने काढले तीच पुन्हा चालवा. आकडे टीमचे बघा, माणसाचे नकोत; लोक पुल रिक्वेस्टचे तुकडे पाडून आकडा फुगवतात. सर्टिफिकेट वगैरे एचआर बघेल.

ती क्वेरी सेव्ह केलीत ना? तारखेसकट?