एकच संख्या, अनेक रूपे: सहावी ते आठवीच्या मुलांना कसे शिकवावे

०.४५ मोठा की ०.९? सहावीच्या वर्गात हे विचारून पाहा. काही मुले हमखास ०.४५ म्हणतील, कारण ४५ हे ९ पेक्षा मोठे. त्याच मुलांना ०.९ म्हणजे ९०/१०० हे ठाऊक असते. तुलना करताना मात्र ते रूप सुचत नाही. म्हणून नुसते ‘रूपांतर करा’ म्हणून भागत नाही. कोणत्या कामाला कोणते रूप सोयीचे, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

पायरी १: स्थानिक किंमत

मधे शून्ये असलेली संख्या घ्या आणि फळ्यावर न लिहिता तोंडी सांगा: चार लाख पाच हजार सत्तर. मुलांनी ती अंकांत लिहायची. शून्ये गाळून कुणी ४५,०७० लिहिले, तर लगेच खोडू नका. आधी विस्तारित रूप लिहायला लावा:

४,०५,०७० = ४×१,००,००० + ५×१,००० + ७×१०

मग हेच घातांकांत: ४×१०^५ + ५×१०^३ + ७×१०^१. यात १० चे कोणते घात दिसत नाहीत, ते विचारा. चौथा, दुसरा आणि शून्यावा. नेमकी तिथेच शून्ये बसतात, आणि चूक मुलांना आपोआप सापडते.

१०^० = १ हा नियम पाठ करून घेऊ नये. १०००, १००, १० अशी उतरती रांग लिहा. दर वेळी दहाने भागले जाते. पुढची संख्या कोणती? १, मग १/१०, मग १/१००. ऋण घातांक इथेच कळतो आणि दशांशचिन्हाच्या उजवीकडची घरेही त्याच रांगेत येतात.

पायरी २: अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी

हे तीन वेगळे धडे म्हणून शिकवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ० ते १ अशी एक संख्यारेषा काढा आणि एकाच बिंदूखाली तिन्ही रूपे लिहा: १/४, ०.२५, २५%. तसेच १/८, ०.१२५, १२.५%. एकच्या पुढे गेलात की पावणेतीन घ्या: ११/४, २.७५, २७५%. बोलीतले सव्वा, दीड, अडीच मुलांच्या कानावर असतात, त्यांचा उपयोग करावा.

आता १/३ भागाकाराने सोडवू द्या. ३ येतच राहतात. इथे घाई नको. १/२ पासून १/१२ पर्यंतचे सगळे अपूर्णांक गटांत वाटून द्या आणि कोणते भागाकार संपतात याचा तक्ता करा. छेद २, ४, ५, ८, १० असेल तर संपतात. ३, ६, ७, ९, ११, १२ असेल तर नाही. कारण मुलांनीच शोधावे: अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ किंवा ५ असतील, तरच भागाकार संपतो. एक आख्खा तास यात गेला तरी चालेल. १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक फिरून फिरून येतात, कारण ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात.

आणि १/३ = ०.३३ असे लिहू देऊ नका. त्याची तिप्पट ०.९९ होते, १ नव्हे.

पायरी ३: वैज्ञानिक रूप

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, म्हणजे साधारण ३×१०^८. उलट टोकाला, तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ०.०००००७ मीटर, म्हणजे ७×१०^-६. पहिला गुणक १ किंवा त्याहून मोठा, पण १० पेक्षा लहान असावा. ३०×१०^७ ची किंमत बरोबर, मांडणी नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे शून्ये मोजणे. दशांशचिन्हापुढची पाच शून्ये मोजून मुले -५ लिहितात. चिन्हाआधीचे शून्यही धरले की सहा होतात आणि उत्तर न समजताही बरोबर येते! तेव्हा बरोबर उत्तर देणाऱ्यालाही ‘कसे मोजलेस?’ विचारा. मोजायची असते ती चिन्ह सरकल्याची घरे.

रोमन अंकांवर फार वेळ घालवू नये. त्यांत शून्य आणि स्थानिक किंमत नसल्याने गुणाकार किती अडतो, एवढे दाखवले की पुरे.

पायरी ४: रूप निवडणे

आता प्रसंग द्या. रूप मुलांनी निवडावे आणि कारण सांगावे. ४० पैकी ३२ आणि ५० पैकी ३९, कोणते गुण सरस? शेकडेवारी काढा: ८० आणि ७८. ताऱ्याचे अंतर? वैज्ञानिक रूप. पावतीवरची रक्कम? अंकांबरोबर शब्दांतही, म्हणजे एखादा अंक कुणी बदलू शकत नाही. गुण देताना कारणालाही गुण ठेवा.

शेवटी ३/४ आणि ०.७५ यांतले एक निवडायला सांगा. २८ चा पाऊण हिस्सा काढायचा असेल तर ३/४ घेणारा २१ वर पटकन पोहोचतो, ०.७५ मध्ये ०.२ मिळवायचे असतील तर दशांशवाला आधी हात वर करतो.