शपथविधी आधी नॅशनल मॉलवरून पाहा, मग टीव्हीवर तपासा

अमेरिकेच्या अध्यक्षांचा पुढचा शपथविधी 20 जानेवारी 2029 ला, शनिवारी. वॉशिंग्टनला जायचा बेत असेल तर निवडणूक होताच आपल्या भागाच्या काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्याच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयाकडे तिकीट मागा. ते फुकट असतं. कुणी पैसे मागितले तर सरळ काढता पाय घ्या. तिकीट नसलं तरी नॅशनल मॉलच्या (संसद भवन, म्हणजे कॅपिटॉलसमोरचं लांबलचक मोकळं मैदान) पश्चिमेकडच्या भागात एरवी उभं राहता येतं. एरवी म्हणते, कारण 2021 ला मॉल लोकांसाठी बंद होता आणि 2025 ला थंडीपायी सोहळा कॅपिटॉलच्या आत, रोटुंडात (घुमटाखालच्या गोल दालनात) हलवला. तेव्हा हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. शिवाय तिकीट हातात असलं म्हणजे झालं असंही नाही. 2009 ला जांभळ्या तिकिटाचे (तिकिटाच्या रंगावरून उभं राहायची जागा ठरते) कितीतरी लोक थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात अडकले आणि शपथ हुकली ती हुकलीच.

गाडी नको, मेट्रोने जा, पहाटे जा. छत्री आत नेऊ देत नाहीत, प्लास्टिकचा रेनकोट ठेवा.

आता माझ्या आवडीचा भाग. घरून निघताना निदान तीन वाहिन्यांचं रेकॉर्डिंग लावा, त्यात सी-स्पॅन (संसदेचं कामकाज दाखवणारी वाहिनी) हवंच. तिथे निवेदकांची बडबड कमी. मॉलवर वही आणि पेन्सिल न्या (गारठ्यात बॉलपेन दगा देतं). मत लिहू नका. वेळ, जागा आणि कानावर पडलं ते लिहा. एकाच जागेवरून दर पंधरा मिनिटांनी एक फोटो काढा, वेळेची नोंद फोन ठेवतोच.

2017 ला मी मॉलवर होते. ट्रम्प बोलायला उभे राहिले तेव्हा भुरभुर सुरू झाली आणि आजूबाजूला रेनकोटांची चुरचुर. दुसऱ्या दिवशी ट्रम्पच सांगत होते की पाऊस लगेच थांबला आणि लख्ख ऊन पडलं. टीव्हीवर पाहा: धाकटे बुश रेनकोटाशी झटापट करताना दिसतात. त्याआधी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर शूमर बोलत असताना माझ्या आसपास हुर्यो उडाली होती. प्रक्षेपणात ती ऐकू येते, पण दुरून आल्यासारखी, कारण आवाज घेतला जातो तो व्यासपीठावरच्या माइकचा.

गर्दीचा वाद तर तुम्हाला ठाऊकच आहे. ओबामांच्या 2009 च्या आणि ट्रम्पांच्या 2017 च्या शपथविधीचे फोटो शेजारी ठेवून, गर्दी कुणाची मोठी यावर जगभर भांडण झालं. असा फोटो दिसला की तीनच गोष्टी विचारा: कॅमेरा किती उंचावर, कुठली लेन्स, किती वाजता? वॉशिंग्टन स्मारकाच्या माथ्यावरून मोकळ्या जागा उघड्या पडतात. त्यात 2017 ला गवतावर पांढरं आच्छादन होतं, त्यामुळे त्या अधिकच डोळ्यांत भरल्या. व्यासपीठावरून लांब लेन्सने पाहिलं की तीच गर्दी डोक्याला डोकं लागलेली दिसते. अधिकृत आकड्याची वाट पाहू नका. 1995 च्या ‘मिलियन मॅन मार्च’ या मोर्च्याच्या आकड्यावरून रण पेटलं, तेव्हापासून नॅशनल पार्क सर्व्हिस (मॉल सांभाळणारी सरकारी संस्था) त्या फंदात पडत नाही.

घरी परतल्यावर रेकॉर्डिंग आधी आवाज बंद करून पाहा. मुख्य सोहळ्याची दृश्यं बहुतेक सामाईक कॅमेऱ्यांची असतात, म्हणून ती सगळीकडे जवळपास सारखी. वाहिनीचा स्वभाव कळतो तो इतरत्र: खालच्या पट्टीतला मजकूर, गर्दीतून उचललेले चेहरे, बोलायला बसवलेले पाहुणे, आणि निषेधाला मिळालेली मिनिटं. घड्याळ लावून मोजा. मग आवाज चालू करा आणि निवेदक कुठे गप्प बसले ते टिपा. शपथेचे शब्द जेमतेम 35, तेवढा वेळ सगळेच गप्प असतात. खरी परीक्षा त्याच्या आधीची आणि नंतरची.

रेकॉर्डिंग राहून गेलं तर इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाचं टीव्ही न्यूज आर्काइव्ह उघडा. 2009 पासूनच्या बातम्या तिथे उपशीर्षकांतल्या शब्दांवरून शोधता येतात. तारीख टाका, ‘पाऊस’साठीचा इंग्रजी शब्द टाका आणि एकेका वाहिनीला तो किती वाजता दिसला ते आपल्या वहीशी ताडून पाहा.