शिजवायचं ते पोत्यानं, फोडून खायचं ते पावशेरानं

"बाबा, खायला कुछ है?" इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरात हा प्रश्न दिवसातून सहा वेळा येतो. त्यातला एक तरी जेवण झाल्यावर अर्ध्या तासात. एरवी घरात मराठी बोलणारी मुलं भूक लागली की हिंदीवर उतरतात. मोठा 17 चा, धाकटा 14 चा. बायको नर्स आहे आणि तिच्या ड्यूट्या बदलत असतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी किराणा माझ्याकडे आला. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, तेव्हा घरचा काय अवघड, असं मला वाटलं होतं.

किराण्याचा खर्च आटोक्यात आणायचा, तर पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका, नुसतं लिहा. मी वहीत तीन रकाने आखले : शिजवून खाल्लेलं, पाकीट फोडून खाल्लेलं, बाहेर खाल्लेलं. दूध-भाजी सोडून किराण्याचे 11,300 झाले. त्यात गहू, तांदूळ, डाळी, तेल हे सगळं मिळून जे झालं ते झालं, पण 4,900 नुसते फोडून खाल्लेल्याचे होते. सेव, बिस्किटं, नूडल्स, चिप्स, टोस्ट. मी तोवर तूरडाळीच्या भावाला नावं ठेवत होतो!

भुकेवर चिडू नका, हेही आधीच सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यात 16 ते 18 वर्षांच्या मुलाला दिवसाला 3320 किलोकॅलरी लागतात असं दिलंय आणि बैठं काम करणाऱ्या पुरुषाला 2110. हा तक्ता बायकोने मला दाखवला तो मी पोरांना "हावरट" म्हणालो त्या रात्री. माझ्या दीडपटीहून जास्त खाणं हा त्याचा हक्क आहे. ते कशानं भरायचं, एवढंच आपल्या हातात.

हे कळायच्या आधी मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे कपाटाला कुलूप. बारा दिवस कपाट शिस्तीत राहिलं आणि तेराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने माझ्या नावावरची उधारी दाखवली : 1,140 रुपये. दुसरी चूक शहाणपणाची होती. सियागंजात ठोक भावात बिस्किटांचा अख्खा खोका घेतला, पाकिटामागे चांगले पैसे वाचले. महिन्याचा खोका नऊ दिवसांत संपला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ठोक खरेदीत पैसे वाचतात ते ज्याला कष्ट पडतात त्याच मालात. कच्चा राजमा रात्री अकरा वाजता कुणी खात नाही. म्हणून शिजवावं लागतं ते पोत्यानं आणावं आणि फोडून खाता येतं ते पावशेरानं, दर आठवड्याला, महाग पडलं तरी.

पोत्याचा पहिला मान गव्हाचा. आमच्याकडे दिवसाला 38 पोळ्या होतात (मोजल्यात), पोळीला 25 ग्रॅम धरले तर महिन्याला 28-29 किलो, वर्षाला साडेतीन क्विंटल. माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो, तेव्हाच वर्षाचा भरा. सासूबाई शरबतीशिवाय गहू मानत नाहीत. मी अडीच क्विंटल लोकवन आणि एकच शरबती घेतो, कारण सात पोळ्या खाणाऱ्याला पोत कळत नाही. शरबती सणावाराला आणि सासूबाई आल्या की. गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, मग सावलीत पूर्ण निवू द्यायचा. गरम गहू कोठीत भरला तर वाफ धरतो आणि जूनमध्ये सोंडे निघतात, माझे पहिल्या वर्षी निघाले. एरंडेल हाताला लावून गहू चोळायचा, मधेमधे सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. ओला पाला नको. चक्कीवर देताना दहा किलोत एक किलो हरभरा घाला. पोळी थोडी खरबरीत होते, पण दोन पोळ्या कमी लागतात.

बटाटा-कांदा चोइथराम मंडीतून कट्ट्यानं आणतो. आम्ही तीन घरं मिळून जातो, पहाटेच, आणि रिक्षाचं भाडं वाटून घेतो. पालेभाजी मात्र तिथून आणू नका. जुडग्यांचा ढीग स्वस्त मिळतो आणि तिसऱ्या दिवशी गाईला जातो.

तेलाच्या पाकिटावर भाव नंतर बघा, आधी वजन बघा. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारीच अगदी तसंच दिसणारं, दहा रुपयांनी "स्वस्त" पाकीट 850 किंवा 800 ग्रॅमचं असतं.

आता संध्याकाळचे पाच. सगळी लढाई इथे आहे. मुलगा शाळेतून किंवा कोचिंगहून येतो तेव्हा त्याला चांगलं काही नको असतं, लगेच हवं असतं. जे हाताला पहिलं लागेल ते संपतं. म्हणून साडेचारला ओट्यावर काहीतरी उघडं, तयार आणि जड असलं पाहिजे. उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून. मोड आलेली मटकी : पाव किलो कोरडी भिजवली की अर्धा किलोच्या वर होते, हा फायदा मला अजून जादूसारखा वाटतो. उन्हाळ्यात सातू गूळ-पाण्यात. पावसाळ्यात भुट्टे गाडीगाडीनं येतात तेव्हा भुट्ट्याचा कीस, दूध घालून मऊ शिजवलेला. शेंगदाणे भाजून डब्यात ठेवले तर अख्खे संपतात, शेंगा टरफलासकट ठेवल्या तर निम्म्या. आळस मुलांचा असतो, तो आपल्या कामी आणायचा.

सेव बंद करणं इंदुरात शक्य नाही, त्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडे पोह्यांवर सेव, वरणावर सेव, धाकटा तर दहीभातावरही घालतो. मी सेव-परमल करून ठेवतो. परमल म्हणजे आपले कुरमुरे, वजनाला काहीच नाही आणि भावाला त्याहून कमी. एक वाटी सेवेला पाच वाट्या परमल, वर कांदा आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला). मूळ सेवेची मोठी बरणी कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही, कारण मोठा हे वाचेल.

प्रथिनांसाठी महाग डबे आणायचा हट्ट जिमला जाणारी मुलं धरतात. आमच्याकडेही झाला. बायकोने ऐकून घेतलं आणि सोयाबीन बडीचं (सोया चंक्सचं) पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. 100 ग्रॅम कोरड्या बडीत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मिठाच्या पाण्यात उकळून दोनदा घट्ट पिळली की वास जातो, मग खिमा, पुलाव, काहीही. आठवड्यातून दोनदा होते. तिसऱ्यांदा केली तेव्हा बंड झालं.

दूध रोज तीन लिटर लागतं आणि त्यात काटकसर होत नाही. म्हशीचं सायीचं घ्या, साय काढून ठेवा आणि लोणी करा. आमचं महिन्याला दीड किलो तूप घरचं निघतं. विकतच्या तुपाचा भाव तुम्हाला माहीत आहे.

फ्रिजवर पाटी लावली आहे : जो संपवेल त्याने लिहायचं. पहिल्या दिवशी धाकट्याने "सब" लिहिलं. आता नीट लिहितात, कारण जे लिहिलं नाही ते शनिवारच्या यादीत येत नाही. रिकामा डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवणं ही घरातली सर्वांत महागडी सवय होती. आहे समजून आपण आणत नाही, आणि ऐन रात्री ऑनलाइन मागवलं जातं.

रविवारी मोठ्याचे कोचिंगचे मित्र येतात, तीन तरी. पोरं होस्टेलची, त्यांना नाही म्हणवत नाही. त्या दिवशी दाल-बाफले. जाडसर गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं, गोळे हळदीच्या पाण्यात उकळायचे, मग भट्टीत खरपूस. डाळ मोठ्या कुकरात, पातळ. चार-पाच बाफल्यांत कुणीही गप्प होतो, मोठ्याचा विक्रम सात. यात खर्चाची गोष्ट एकच, तूप, म्हणून तूप मी स्वतः फिरून वाढतो. "काका, और" म्हटलं की आणखी वाढतो, कुणाला अडवत नाही. चमचा मात्र आमच्या धाकट्याच्या बाळपणीचा आहे, औषधाचा.