जिल्हा परिषदेच्या शाळेमागे गाव कसं उभं करावं

सरपंचांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत, दुकानदाराची तिथेच, आणि आता तर शेतमजूरसुद्धा पोटाला चिमटा काढून व्हॅनचे पैसे भरतो. मग ग्रामसभेत जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय काढणार कोण? ज्या शाळेत आपलं मूल नाही तिच्या छपराची काळजी माणसाला मनापासून वाटत नाही. म्हणून केवळ आवाहनाने हे काम होत नाही. ते क्रमाने करावं लागतं आणि त्यात साधारण एक शैक्षणिक वर्ष जातं.

आधी समिती कामाला लावा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यातल्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा करणं हे याच समितीचं काम. अनेक ठिकाणी समिती सह्यांपुरतीच उरते. इतिवृत्ताची वही मागून घ्या आणि मागच्या बैठकांत खरंच काय ठरलं ते वाचा. नवी समिती निवडायची असेल तर पालकसभा संध्याकाळी ठेवा. सकाळी अकराला बोलावलं, तर रोजंदारीवरची आई येणार नाही, आणि नेमकी तीच समितीत हवी.

मग शाळेच्या गरजा तीन रकान्यांत लिहा. माझ्या मते या कामाचा कणा हाच. पहिल्या रकान्यात शासनाने द्यायचं ते: शिक्षक, वर्गखोल्या, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण, ग्रंथालय. हे सगळं कायद्याच्या अनुसूचीतच आहे, त्यामुळे मागताना हात जोडायची गरज नाही. दुसऱ्या रकान्यात ग्रामपंचायत करू शकेल ते: नळजोडणी, पेव्हर ब्लॉक, अंगणाची दुरुस्ती. तिसऱ्यात गावाने हौसेने करायचं ते: रंगकाम, झाडं, वाचनकोपरा. हे रकाने केले नाहीत की काय होतं? पडकी खोलीसुद्धा वर्गणीतून बांधली जाते, शासनाचं काम परस्पर होऊन जातं आणि पुढच्या वर्षी गाव थकतं. लोकवर्गणी ही शासनाच्या निधीची भर आहे, बदली नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

याच वेळी शाळेला मिळणारा पैसाही लोकांसमोर मांडा. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषांप्रमाणे 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. त्यातच खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. हा आकडा ऐकल्यावर 'सरकार तर भरपूर देतं' म्हणणारे थोडे थांबतात. किती मिळालं, कधी मिळालं, कशावर गेलं, हे फलकावर लिहून दर्शनी भागात लावा.

लोकांना मुलांचं वाचन ऐकवा. इमारत पाहून कोणाचं मत बदलत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, हे सांगायला जरूर सांगा. पण पटतं ते आपल्या वाडीतल्या पोरीने वाचलेलं. वर्तमानपत्र आणा, जमलेल्यांपैकी कोणालाही त्यातली बातमी निवडू द्या आणि चौथीतल्या मुलीला ती वाचायला सांगा. नंतर तिने ती आपल्या शब्दांत सांगावी. पाठ केलेली भाषणं टाळा, ती लोकांना लगेच ओळखू येतात. वाचनात शाळा कच्ची असेल तर आधी दोन-तीन महिने त्यावरच काम करा, निधीची मागणी नंतर.

ग्रामसभेची तारीख साधा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभा सर्वांना माहीत असतात. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा साधारण 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून गणपती उठले की तयारीला लागा. विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. ऐनवेळच्या विषयांत तो गेला की सभा उठायच्या घाईत असते. ठराव मोघम नको. 'शाळेचा विकास करावा' असं लिहिल्याने काहीच होत नाही. असं लिहा: 'शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास नळजोडणी व पाण्याची टाकी देण्याचे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात समाविष्ट करावे.' सूचक आणि अनुमोदक यांतला एक जण तरी असा हवा, ज्याचं मूल या शाळेत नाही. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

ज्यांची मुलं या शाळेत नाहीत त्यांनाही जोडा: निवृत्त शिक्षक, बचतगट, तरुण मंडळ, पुण्या-मुंबईला गेलेले माजी विद्यार्थी. त्यांच्याकडे थेट पैसे मागू नका, ठरावीक काम सांगा.

'सरकारी शाळेवर पैसा वाया' असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याला सांगा, शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. संस्थानाच्या तिजोरीतून शाळा चालवल्या म्हणून अनेक घरांत पहिली अक्षरं आली. 1966 मध्ये कोठारी शिक्षण आयोगाने शिक्षणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के मागितले होते. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आकडा आहे. मागणी जुनी आहे आणि रास्त आहे.

पटाकडे लक्ष ठेवा. संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. हे निकष 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने बदलले आहेत, ते केंद्रप्रमुखांकडून नीट समजून घ्या. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची माहिती 2023 मध्ये मागवली गेली, तेव्हा आपली शाळा बंद होईल म्हणून वाड्यावस्त्यांवर किती धाकधूक होती ते आठवा. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतच घरोघरी जा. शिक्षकांसोबत समितीतल्या आयांनी जावं, कारण 'माझी पोरगी तिथे आहे, चांगलं शिकते' हे आईच्या तोंडून ऐकलेलं दुसऱ्या आईला खरं वाटतं. मुलांच्या आधार नोंदी जुलैतच तपासून घ्या, सप्टेंबरअखेर धावपळ नको.

वर्गणी घेतलीच तर प्रत्येक रुपयाची पावती द्या, पैसे समितीच्या बँक खात्यात भरा आणि खर्चाचा कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. प्रवेशाच्या वेळी मात्र एक पैसाही मागू नका.