भीमा की चंद्रभागा? नदीचा नकाशा काढताना या चुका टाळा

शाळेच्या प्रकल्पासाठी भीमा नदी काढताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पंढरपूरपाशी. भीमेची निळी रेघ तिथवर नीट येते आणि मग बाजूने दुसरी रेघ जोडून तिच्यावर ‘चंद्रभागा’ लिहिलं जातं. अशी उपनदी तिथे नाहीच. पंढरपुरात वाहते ती भीमाच. तिथे पात्राला चंद्रकोरीसारखा बाक आहे, म्हणून तेवढ्या टप्प्यात तिला चंद्रभागा म्हणतात. रेघ एकच ठेवा, बाक ठळक काढा आणि शेजारी ‘भीमा (चंद्रभागा)’ लिहा. पंढरपूर मागे पडलं की पुन्हा नुसतं ‘भीमा’.

माहिती शोधतानाही हे नाव फसवतं. हिमाचल प्रदेशात चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदी इथे एकत्र येतात. तिथून पुढच्या प्रवाहालाही चंद्रभागा म्हणतात, आणि हीच पुढे चिनाब. मजकुरात लाहौल, हिमनदी किंवा सिंधू हे शब्द दिसले की तो कागद बाजूला ठेवा. आपली भीमा बर्फावर नाही, पावसावर जगते.

‘मुळा-मुठेचा उगम कुठे?’ या प्रश्नाला एका गावाचं नाव लिहिणं चूक आहे. मुळा वेगळी, मुठा वेगळी. दोघींचा संगम पुण्यात होतो आणि जोडनाव तिथूनच सुरू होतं. म्हणून खडकवासला धरणापाशी ‘मुठा’ लिहायचं, ‘मुळा-मुठा’ नाही. शिवाय अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेला मिळणारी आणखी एक मुळा आहे. तिचं पाणी गोदावरीत जातं, भीमेत नाही. त्यामुळे नदीच्या नावासोबत ती कोणाला मिळते हे लिहायची सवय लावा.

उपनद्या डाव्या-उजव्या लिहिताना तर हमखास उलटापालट होते, कारण मुलं कागदाची डावी बाजू पाहतात. नदीची बाजू ठरते वाहत्या पाण्यावरून: पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभे आहात असं समजा, मग डावा हात तो डावा काठ. भीमा साधारण आग्नेयेकडे वाहते. म्हणून इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा आणि माण उजवीकडून मिळतात; घोड आणि सीना डावीकडून. गोंधळ वाटला तर कागद फिरवा आणि उगम स्वतःकडे, प्रवाह समोर जाईल असा धरा.

संगमाची ठिकाणं उगमाकडून या क्रमाने भरा: तुळापूरला इंद्रायणी, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा, मग घोड, त्यानंतर उजनी धरण, नीरा-नरसिंहपूरला नीरा आणि मग पंढरपूर. माण आणि सीना पंढरपूरच्या पुढे मिळतात. उजनीचा जलाशय फुगीर दिसतो म्हणून तो वेगळा तलाव काढू नका. यशवंतसागर हे नाव त्या जलाशयाचं. त्यात अडलेलं पाणी भीमेचंच.

उगम भीमाशंकरला, म्हणजे अरबी समुद्र तसा जवळच, तरी बाण पश्चिमेकडे नको. सह्याद्रीचा कोकणाकडचा भाग तुटक्या कड्यासारखा आहे, पूर्वेकडचं पठार मात्र हळूहळू उतरतं. भीमा त्या पूर्वेकडच्या उतारावरून निघते. शेवटचा बाणही समुद्रात नेऊ नका. भीमा कर्नाटकात शिरते आणि रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते.

लांबी ८६१ किमी ही या संगमापर्यंतची आहे, फक्त महाराष्ट्रातली नव्हे. पट्टीने उगम ते संगम मोजाल तर जेमतेम ५०० किमी भरतील, कारण पट्टी वळणं धरत नाही. ओला दोरा रेघेवर वळणावळणाने बसवा, मग सरळ करून नकाशाच्या प्रमाणाशी ताडून पाहा. तरीही आकडा ८६१ पेक्षा कमीच येईल. छोट्या नकाशात बारीक वळणं गाळलेली असतात, तेव्हा आकडा जुळवायला दोरा ताणू नका. मोजलेला आणि पुस्तकातला असे दोन्ही आकडे लिहा.