चिनी अक्षराचं मूळ शोधताय? या चुका टाळा

अक्षराकडे बघायचं आणि गोष्ट रचून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात चिवट चूक. 'आई'च्या चिनी अक्षरात डावीकडे स्त्री आणि उजवीकडे घोडा असतो. लगेच कुणीतरी सांगतं, "आई घोड्यासारखी राबते ना, म्हणून!" हे साफ खोटं आहे. घोड्याचा उच्चार 'मा', आईचाही 'मा', फक्त सूर वेगळा. घोडा तिथे उच्चार सांगायला आलाय, अर्थ सांगायला नाही. ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं अशीच घडली आहेत: एक भाग अर्थाचा, दुसरा उच्चाराचा.

माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने व्हिडिओ बघून असल्या गोष्टींचा भरपूर साठा केला होता. भाषांतराच्या उताऱ्यात मुंगी आली, 'मा-यी'. त्यातल्या पहिल्या अक्षरात किडा आणि घोडा. त्याने बेधडक लिहिलं, 'घोडमाशी'. मग सगळा उतारा माशीभोवती फिरवला आणि वारूळ कुठे बसेना म्हणून ते वाक्यच गाळलं. 'मा-यी' हा शब्द त्याने वर्गात कितीतरी वेळा ऐकला होता. घोडा नुसता 'मा' असा वाचला असता तरी मुंगी सापडली असती. शिवी देणं, आकडा, प्रश्नाच्या शेवटी लागणारा 'मा', सगळीकडे तोच घोडा आहे. तिथे कोण राबतंय? म्हणून माझा शिरस्ता असा: आधी अक्षर मोठ्याने म्हणायचं, मग त्याचे भाग बघायचे.

दुसरी चूक जरा अभ्यासू लोकांची. शू शन यांचा 'शुओवेन जिएझी' हा कोश उघडायचा आणि तिथेच थांबायचं. इ.स. 100च्या सुमारास पूर्ण झालेला हा ग्रंथ थोरच आहे. नऊ हजारांवर अक्षरं 540 गटांत लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण त्यांच्या हजार वर्षांहून आधीच्या शांग राजघराण्याच्या काळातले अस्थिलेख, म्हणजे हाडांवर कोरलेले लेख, त्यांनी पाहिलेच नव्हते. या लेखांचं महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानात आलं ते 1899 मध्ये. 'करणे' या अर्थाचं 'वेइ' घ्या. कोशात त्याचं मूळ माकड दिलंय. हाडांवरच्या लेखात मात्र सोंड स्पष्ट दिसते आणि सोंडेपाशी माणसाचा हात: हत्तीला कामाला लावणारा. त्या काळी उत्तर चीनमध्ये हत्ती होते, शांगांची राजधानी असलेल्या आन्यांगच्या उत्खननात त्यांची हाडं मिळाली आहेत. 'पूर्व' दाखवणारं 'दोंग'ही तसंच. कोश म्हणतो, झाडातला सूर्य. जुन्या रूपात दिसते दोन्ही टोकांना बांधलेली थैली, आणि 'पूर्वे'साठी तिचा फक्त उच्चार उसना घेतला.

सुलभ लिपीतल्या, म्हणजे आज चीनमध्ये वापरतात त्या सोप्या केलेल्या, रूपावरून मूळ ठरवू नका. 'ऐकणे'च्या आजच्या अक्षरात तोंड दिसतं. पारंपरिक रूपात कान आहे.

शरीराच्या अवयवांच्या अक्षरांत दिसणारा 'चंद्र' बहुतेक वेळा चंद्र नसतो, ते 'मांस' असतं.

'संकट म्हणजे धोका अधिक संधी' हे भाषणांतलं वाक्य विसरा. 'संकट'च्या चिनी शब्दातल्या ज्या 'जी'ला संधी म्हणतात, त्याचा तिथला अर्थ निर्णायक क्षण.

पाठांतरासाठी गोष्ट हवीच असेल तर रचा, माझी हरकत नाही. मी स्वतः वहीत अशी गोष्ट पेन्सिलने लिहिते आणि खरं मूळ शाईने. जुनं रूप पाहिल्याशिवाय शाईच्या रकान्यात काही लिहीत नाही, मग तो महिनाभर रिकामा राहिला तरी चालेल. नवशिक्यांना नेमकं हेच सोसत नाही; एका संध्याकाळी पन्नास अक्षरांची मुळं हवी असतात.