जुन्या टेलिकास्टरचे साल पडताळण्याची युक्ती
विक्रेता ‘१९६६ ची’ म्हणून दाखवत असलेली फेंडर कंपनीची टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार खरोखर त्या काळातली आहे का, हे नुसत्या अनुक्रमांकावरून ठरत नाही.

विक्रेत्याची परवानगी घेऊन व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालील धातूच्या पट्टीचे दोन स्क्रू काढावेत, पट्टी हलकेच उलटी करावी आणि पोटेन्शिओमीटरच्या (बटण फिरवल्यावर आवाज किंवा टोन कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) डबीवरचा आकडा भिंगाने वाचावा. तो १३७६६२२ असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस ही पोटेन्शिओमीटर बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि २२ म्हणजे त्या वर्षाचा बाविसावा आठवडा. त्यावर तारा जोडणारा डाख मूळचा असेल, तर गिटार त्याआधीची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण फेंडरने तेव्हा घेतलेला पोटेन्शिओमीटरचा मोठा साठा पुढे काही वर्षे वापरला.

आकडा डाखाखाली झाकला गेला असेल, तर तो खरवडू नये. जुना, मळकट, अस्पर्श डाख हाही पुरावाच असतो.